लघवीत जंतू आहेत, पण त्रास काहीच नाही. मग औषध कशाचं?

प्रश्न थोडक्यात असा: आई ७१ वर्षांच्या, १४ वर्षांपासून मधुमेह. उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया ठरली. फिटनेसच्या तपासण्यांत लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) होतं, त्यात ‘ई. कोलाय, १ लाखाहून जास्त’ असं आलं. आईंना जळजळ नाही, ताप नाही, लघवीला सारखं जावं लागत नाही. तरी पाच दिवस एक गोळी झाली, पुन्हा कल्चर, मग सात दिवस दुसरी गोळी, पुन्हा कल्चर. शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्या रिपोर्टात ‘ईएसबीएल’ असा शब्द उगवला आणि आता सात दिवस शिरेतून इंजेक्शनं घ्यायला सांगितलंय. मुलगी विचारते आहे की हे जंतू जात का नाहीत, आणि इंजेक्शनं घ्यावीत का?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या आईंना लघवीचा संसर्ग झालेलाच नाही. त्यांच्या मूत्राशयात जंतूंनी बिऱ्हाड केलंय, पण घरमालकिणीशी त्यांचं भांडण नाही. याला लक्षणविरहित जंतुमूत्रता म्हणतात. आम्ही डॉक्टर आपसात ‘एएसबी’ म्हणून मोकळे होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी त्यावर औषध देऊन काही साधत नाही. माझ्या पेशंट असत्या तर ही इंजेक्शनं मी दिली नसती. अर्थात मी आईंना तपासलेलं नाही. तेव्हा हे सगळं त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवून बोला, परस्पर काही बंद करू नका.

गेली २६ वर्षं मी फिजिशियन म्हणून काम करते आहे, आणि आठवड्याला एक तरी असा कागद माझ्या टेबलावर येतो. ‘मॅडम, एक लाख जंतू निघालेत हो!’ म्हणताना लोकांचा चेहरा पांढरा पडलेला असतो. हा १ लाखाचा आकडा आला कुठून ते सांगते, म्हणजे अर्धी भीती इथेच संपेल.

१९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस नावाचे डॉक्टर एका साध्या अडचणीशी झगडत होते. बायकांच्या लघवीच्या नमुन्यात बाहेरच्या त्वचेवरचे जंतू मिसळतातच. मग खरोखर मूत्राशयात असलेले कोणते आणि वाटेत चिकटलेले कोणते, हे ओळखायचं कसं? कॅस यांनी मोजून दाखवलं की मिलिलिटरला १ लाखाच्या वर जंतू असले तर ते बहुधा आतलेच. आकड्याचं काम इथे संपतं. जंतू आत आहेत का, एवढंच तो सांगतो. माणूस आजारी आहे का, हे त्याला विचारायचं नसतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या तरुणीला सणसणीत जळजळ होत असेल, तर हजारभर ई. कोलाय निघाले तरी तो खरा संसर्ग असू शकतो. आकडा लहान म्हणून तिला परत पाठवणं चूक, आणि आकडा मोठा म्हणून तुमच्या आईंना सलाईन लावणं त्याहून मोठी चूक.

असे बिनत्रासाचे जंतू किती जणांत असतात? पाळी सुरू असलेल्या निरोगी स्त्रियांपैकी १ ते ५ टक्के. वय वाढेल तसं प्रमाण चढतं, आणि मधुमेही स्त्रियांत ते आणखी जास्त असतं. सत्तरी ओलांडलेल्या, घरात हिंडत्या-फिरत्या बायकांत साधारण १० ते १६ टक्के. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या बायकांत २५ ते ५० टक्के, म्हणजे दर दुसरी-चौथी आजी. आणि महिनोन्‌महिने कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडतातच, शंभरातल्या शंभरांत. या सगळ्यांना औषध द्यायचं म्हटलं तर औषधाचं दुकान कमी पडेल.

‘पण मॅडम, जंतू आत ठेवून चालेल का?’ हा पुढचा प्रश्न. इथे मी लोकांना स्वीडनमधल्या एका शाळकरी मुलीची गोष्ट सांगते. गोटेबोर्ग शहरात शाळकरी मुलींच्या लघवीच्या तपासण्या होत असताना एक मुलगी सापडली, जिच्या मूत्राशयात तोच एक ई. कोलाय तीन वर्षं होता आणि तिला काडीचाही त्रास नव्हता. शास्त्रज्ञांनी तो जंतू जपला, त्याला ८३९७२ असा क्रमांक दिला. मूत्राशयाच्या अस्तराला पकडून ठेवायचे जे बारीक आकडे रोगकारक ई. कोलायला असतात, ते तयार करणं हा जंतू विसरून गेला होता. नुसता लघवीत पोहत राहायचा. पुढे ज्यांना वारंवार संसर्ग होतो अशा काही रुग्णांच्या मूत्राशयात हा जंतू मुद्दाम सोडून पाहिला गेला, आणि तो असेपर्यंत त्यांना त्रासदायक संसर्ग कमी झाले. जागा अडवून बसलेला भाडेकरू गुंडाला आत येऊ देत नाही, तसा हा प्रकार. ही काही घरी करायची गोष्ट नाही. पण ‘जंतू आहे म्हणजे शत्रू आहे’ हे डोक्यातून काढायला मला ती फार उपयोगी पडते.

आता मधुमेहाबद्दल, कारण आईंना औषध देताना बहुधा ‘शुगर आहे ना, म्हणून’ असंच सांगितलं गेलं असणार. आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हालाही तेच शिकवलं होतं. मग २००२ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबाच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. मधुमेह असलेल्या आणि लघवीत त्रास न देणारे जंतू असलेल्या १०५ स्त्रिया. निम्म्यांना प्रतिजैविक, निम्म्यांना रिकामी गोळी. तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा. खरा, त्रासदायक संसर्ग होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. फरक पडला तो एवढाच, की औषध मिळालेल्या बायकांच्या पोटात जवळपास पाचपट दिवस प्रतिजैविकं गेली. मी तेव्हा नुकतीच प्रॅक्टिसला लागले होते. तो अभ्यास वाचल्यावर आधी कितीजणींना विनाकारण गोळ्या दिल्या त्याचा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

त्याहून बोचरा अभ्यास २०१२ चा, इटलीतला. सारखा सारखा संसर्ग होणाऱ्या ६७३ तरुण स्त्रिया, त्या घडीला त्रास नाही पण कल्चरमध्ये जंतू आहेत. काहींना औषध दिलं, काहींना नाही. वर्षभरात औषध दिलेल्यांनाच पुन्हा संसर्ग कितीतरी जास्त झाला. भाडेकरूला हाकलून घर रिकामं ठेवलं की कोण येऊन बसेल ते आपल्या हातात राहत नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत नेमकं हेच घडलंय. पहिल्या रिपोर्टातला ई. कोलाय साध्या औषधांना दाद देणारा असणार. पाच दिवसांची गोळी झाली, ते मेले. त्यातले चिवट तेवढे उरले किंवा आतड्यातून नवे आले. लघवीचे जंतू मुळात आतड्यातूनच येतात, आणि पोटात घेतलेली गोळी आतड्यातल्या जंतूंनाही चाळणी लावते. दुसऱ्या कोर्सने चाळणी आणखी बारीक केली. तिसऱ्या वेळी वर आला तो ईएसबीएल. या जंतूकडे असं एक विकर (एन्झाइम) असतं की पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन घराण्यातली बहुतेक औषधं ते फोडून टाकतं. ‘ईएसबीएल’ हा आजाराचा दर्जा नाही, जंतूच्या हाताशी असलेल्या हत्याराचं ते नाव आहे. त्रास न देणारा जंतू ईएसबीएल असला तरी त्रास न देणाराच राहतो. रिपोर्टातली एस (औषधाला दाद देतो) आणि आर (दाद देत नाही) यांची यादी वाचून ज्याच्यापुढे एस आहे ते औषध शोधायची आपल्याकडे सवय लागलीय. औषध लागतंय का, हा प्रश्न त्याआधीचा असतो आणि तो विचारायचा राहूनच जातो.

टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयाने यावर मोठी गमतीदार युक्ती केली. कॅथेटर नसलेल्या दाखल रुग्णांची कल्चर पॉझिटिव्ह आली तरी रिपोर्ट आपोआप पाठवायचा बंद केला. संसर्गाची शंका असेल तर लॅबला फोन करा, आम्ही सांगतो, असं कळवलं. फोन फार थोडे आले. विनाकारण औषध देण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं आणि रुग्णांचं काही बिघडलं नाही. आपल्याकडे असं केलं तर नातेवाईक लॅब फोडतील, हा भाग वेगळा.

मग गुडघ्याचं काय? सर्जनची भीती मी समजू शकते. कृत्रिम सांध्यात जंतू शिरला तर ती पेशंटची आणि डॉक्टरची दोघांचीही शिक्षा असते. पण लघवीतून जंतू गुडघ्यात जातात का, हे तपासून पाहिलं गेलंय. युरोपात सांधेबदल झालेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत जंतू होते त्यांच्यात सांध्याचा संसर्ग जास्त होता, हे खरं. पण आधी औषध देऊन लघवी साफ केली तरी तो कमी झाला नाही, आणि सांध्यातले जंतू हे लघवीतले नव्हतेच. म्हणजे जंतुमूत्रता ही नाजूक प्रकृतीची खूण होती. अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय: मूत्रमार्गाशी संबंध नसलेल्या शस्त्रक्रियेआधी त्रास नसलेल्या माणसाचं लघवीचं कल्चर करूच नका. तसंही चीर देण्याआधी तासाभरात प्रतिजैविकाचा एक डोस सगळ्यांनाच दिला जातो, तो आईंनाही मिळेलच.

सांधा वाचवायचा तर लक्ष दुसरीकडे हवं. आईंची तीन महिन्यांची साखर किती आहे? पायावर चिखल्या, जखम, नखाचा पू? किडलेला दात? माझ्या एका पेशंटची लघवी ‘साफ’ करण्यात महिना गेला आणि तोवर एचबीए१सी, म्हणजे हीच तीन महिन्यांची साखर, ९.४ इतकी चढलेली होती, ती कुणी पाहिलीच नव्हती.

इंजेक्शनांच्या खर्चापेक्षा मला त्यांच्या परिणामांची काळजी जास्त. अमिकासिन स्वस्त म्हणून वापरतात, पण सत्तरीतल्या मधुमेही मूत्रपिंडाला आणि कानाला ते भोवू शकतं. मेरोपेनेम, एर्टापेनेम ही आमच्या भात्यातली शेवटची शस्त्रं. उद्या आईंना खरोखर रक्तात संसर्ग झाला तर तीच लागणार. या घराण्यालाही फोडून टाकणारं एनडीएम-१ नावाचं विकर तुम्ही ऐकलं असेल. त्याची नोंद २००८ मध्ये स्वीडनमध्ये झाली, आणि सापडलं ते लघवीतल्या क्लेब्सिएला जंतूत. रुग्ण मूळचा भारतीय, त्याआधी दिल्लीत दाखल होऊन गेलेला.

बिनत्रासाच्या जंतूंना औषध द्यावंच लागतं असे दोन मुख्य प्रसंग आहेत. पहिला गरोदरपण. गर्भामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी तुंबते आणि वर चढते. उपचार न केल्यास अशा २० ते ३५ टक्के बायकांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. केल्यास हे प्रमाण १ ते ४ टक्क्यांवर येतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत प्रत्येक गरोदर बाईचं एकदा कल्चर व्हायला हवं, नुसती पट्टी बुडवून भागत नाही. गंमत बघा, जिथे कल्चर हवंच तिथे ते सर्रास राहतं, आणि जिथे नको तिथे पॅकेजमध्ये फुकट मिळतं. दुसरा प्रसंग म्हणजे लघवीच्या वाटेतली, रक्त निघेल अशी शस्त्रक्रिया: प्रोस्टेट खरवडणं, दुर्बिणीने खडा काढणं. तिथे आधी कल्चर करून नेमक्या औषधाचे एक-दोन डोस देतात. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया या दोन्ही प्रसंगांत बसत नाहीत.

आता नमुन्याबद्दल, कारण निम्मे ‘जंतू’ डबीतच जन्माला येतात. आमच्या भागात घडणारं खरं चित्र सांगते. गुडघे न वाकणाऱ्या आजी, भारतीय पद्धतीचा संडास, एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात लुगडं आणि डबी. पहिलीच धार डबीत पडते, कारण मधली धार धरण्याइतका तोल कुणाकडे आहे? मग ती डबी पिशवीत, पिशवी एसटीत, आणि सकाळी सातचा नमुना उन्हातून दुपारी बाराला तालुक्याच्या लॅबमध्ये. अनुकूल उबेत ई. कोलाय वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होतो. लघवीत थोडा सावकाश, पण होतो. नमुना देताना ५०० असलेले जंतू आठ वेळा दुप्पट झाले की १ लाख २८ हजार होतात. एसटीच्या प्रवासातच रिपोर्ट तयार!

तेव्हा नमुना द्यायचाच असेल तर लॅबच्याच संडासात द्या, खुर्चीचं कमोड असेल तिथे. जागा साध्या पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली डबीत. डबी लॅबने दिलेली निर्जंतुक; आवळ्याच्या मुरंब्याची धुतलेली बरणी नको (हसू नका, आलेली आहे). तासाभरात पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. रिपोर्टात ‘एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या पेशी) भरपूर’ किंवा तीन-तीन प्रकारचे जंतू असं आलं, तर तो नमुना त्वचेवरचा समजून बाजूला ठेवायचा.

‘पण पस सेल्सही (पुवातल्या पांढऱ्या पेशी) आहेत!’ असतील. वयस्कर मधुमेही स्त्रियांत बिनत्रासाच्या जंतूंबरोबर पांढऱ्या पेशी बहुतेकदा असतातच. त्या असल्या म्हणून औषध लागत नाही. लघवीला वास येतो, गढूळ दिसते, यानेही नाही. पाणी कमी प्यायलं की वास येतो.

पस सेल्सबद्दल मला वेगळीच धास्ती आहे. भरपूर पस सेल्स, पण कल्चरमध्ये दरवेळी काहीच वाढत नाही, असं वारंवार दिसलं तर आपल्या देशात एक शब्द डोक्यात वाजायला हवा: टीबी. चौतिशीची एक शिवणकाम करणारी बाई माझ्याकडे आली तेव्हा वर्षभरात तिचे पाच कोर्स झाले होते. सारखी लघवी, वजन उतरलेलं, पस सेल्स ३०-४०, कल्चर कोरं. प्रत्येकाने तिला ‘उन्हाळी’ म्हणून गोळ्या दिल्या होत्या. त्यात क्विनोलोन (सिप्रो, ओफ्लॉक्स) घराण्याच्या गोळ्या होत्या, त्या टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात आणि निदान आणखी लांबवतात. तीन दिवस पहाटेची लघवी आणि सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधायची तपासणी) केल्यावर मूत्रपिंडाचा टीबी निघाला. मूत्रवाहिनी आकसून एक मूत्रपिंड बरंच गेलं होतं. खडा, अर्धवट घेतलेलं औषध, काही लैंगिक संसर्ग यांतही असंच चित्र दिसतं, पण टीबी विसरलेला परवडत नाही.

दुसरा सापळा म्हाताऱ्या माणसांचा. आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, कुणी लघवी तपासली, जंतू निघाले, आणि ‘लघवीचं इन्फेक्शन डोक्यात गेलं’ असं ठरलं. मी पाहिलेल्या एका आजोबांचं रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच कमी होतं, रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रक्त तपासलं म्हणून कळलं. ताप नाही, थंडी नाही, लघवीची तक्रार नाही, नुसता भ्रम आहे, तर आधी सोडियम, साखर, पाणी, बद्धकोष्ठ, झोपेच्या नव्या गोळ्या पाहायच्या. माणूस नीट नजरेखाली ठेवायचा. ताप किंवा रक्तदाब उतरणं असेल तर मात्र वाट पाहायची नाही.

खरा संसर्ग कसा ओळखायचा? त्याला कागद फारसा लागत नाही. आपल्या भाषेत ‘उन्हाळी लागणं’ हा सुंदर शब्द आहे: थेंब-थेंब, जळजळ, जाऊन आलं की पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ. एखाद्या बाईला हे अचानक सुरू झालं आणि अंगावरून पांढरं जात नाही, खाज नाही, तर मूत्राशयाचा संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. पहिल्यांदाच आणि साधं असेल तर कल्चरशिवायही उपचार सुरू करता येतो. नायट्रोफ्युरँटोइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी पाण्यात एकदाच. पहिलं औषध १९५३ पासूनचं, दुसरं १९६९ मध्ये स्पेनमधल्या मातीच्या जंतूतून मिळालेलं. दोन्ही जुनी, आणि आपल्याकडचे ई. कोलाय अजून त्यांना बऱ्यापैकी ऐकतात. ज्या गोळ्या दुकानदार न विचारता काढून देतो, त्या सिप्रो-ओफ्लॉक्सच्या घराण्याला आता ते जुमानत नाहीत. शिवाय मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर हे घराणं साखर धाडकन खाली आणतं. पाकिटावरचा लाल पट्टा याचसाठी असतो. नायट्रोफ्युरँटोइन मात्र मूत्रपिंड फार कमजोर असेल तर चालत नाही, गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत देत नाहीत, आणि ते मूत्रपिंडाच्या संसर्गावर पुरत नाही.

एक बारीक गोष्ट, जी चिठ्ठ्यांवर रोज चुकते. गोळीबरोबर हटकून लिहिलं जाणारं ते गोड-आंबट सायट्रेटचं सिरप. जळजळ थोडी शमते, जंतू एकही मरत नाही. ते लघवी अल्कलीयुक्त करतं, आणि नायट्रोफ्युरँटोइनला काम करायला आम्लधर्मी लघवी बरी लागते. एका हाताने औषध द्यायचं आणि दुसऱ्याने त्याचा पाय ओढायचा! धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा खुशाल घ्या. पाणी पोटात जाण्याचं ते निमित्त आहे.

पाण्याचं महत्त्व मात्र खरंच आहे. २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षाला तीन-तीनदा उन्हाळी लागणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पण आमच्याकडच्या शिक्षिका, कंडक्टर, ऊसतोडीच्या बायका यांना हे सांगताना माझी जीभ अडखळते. त्या पाणी पीत नाहीत ते आळसाने नव्हे. जायला जागा नसते म्हणून. एसटी स्टँडवरच्या त्या संडासात पाऊल टाकायची हिंमत माझीही होत नाही.

तुमच्या आईंकडे परत येते. त्यांना पुढे कधी वारंवार खरा संसर्ग झालाच, तर तीन गोष्टी विचारा. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे साध्या सोनोग्राफीत दिसतं. मधुमेहात मूत्राशय सुस्तावतं. दुसरं, पाळी गेल्यानंतर योनिमार्गाची त्वचा कोरडी पडते आणि तिथले पहारेकरी जंतू नाहीसे होतात. स्थानिक इस्ट्रोजेन क्रीमने ते परततात. १९९३ च्या अभ्यासात ते लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ संसर्ग झाले, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९. आपल्याकडे हे लिहायला डॉक्टर लाजतात आणि विचारायला आजी. तिसरं, साखर लघवीतून बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर रिपोर्टात लघवीची साखर चार प्लस दिसेल, ते गोळीचंच काम आहे. पण त्याने बाहेर बुरशीची खाज-आग होते, आणि ती ‘लघवीची जळजळ’ म्हणून सांगितली जाते. तिथे मलम लागतं.

सर्जनना भेटायला जाताना तिन्ही कल्चरच्या प्रती, एचबीए१सी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन जा आणि सरळ विचारा: ‘आईंना लघवीची एकही तक्रार नाही. तरी कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत थांबायचं कारण काय?’ बरेच सर्जन हे ऐकून घेतात. काहींना त्यांच्या भूलतज्ज्ञांनी किंवा विमा कंपनीच्या यादीने बांधलेलं असतं. नाहीच पटलं तर संसर्गरोगतज्ज्ञाचं एकदा मत घ्या. आणि चौथं कल्चर तेवढं करू नका.

मात्र आईंना थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर तो वेगळा दिवस. मधुमेहात मूत्रपिंडाचा संसर्ग झपाट्याने बिघडतो, कधी त्यात वायूसुद्धा धरतो. त्या दिवशी घरगुती उपाय नाही, रात्र काढणं नाही, थेट दवाखाना. आणि पहिली गोळी किंवा पहिलं इंजेक्शन देण्याआधी लघवीचा नमुना घ्यायला सांगा. औषधाची एक मात्रा गेली तरी कल्चर कोरं येऊ शकतं.